चंदन दिसलं की वास येतो : गिटारच्या ‘टोन’चा वाद



आजचा विषय जाहीर झाल्यावर आमच्या दोन जुन्या विद्यार्थ्यांचे फोन आले. ‘सर, आपण आणि इलेक्ट्रिक गिटार?’ प्रश्न रास्त आहे. आम्ही आयुष्यभर न्यायदर्शन आणि ह्यूम शिकवला; गिटारची एक तार धड छेडलेली नाही. पण आमचा भाचा गेली पंधरा-सोळा वर्षं गिटार वाजवतो, आणि त्याच्या मित्रांचा अड्डा जमला की आम्ही कोपऱ्यात बसून ऐकतो. एका रविवारी ही मंडळी ‘खरा अ‍ॅम्प की मॉडेलर’ या प्रश्नावर सलग तीन तास भांडली. आमच्या विभागात आत्म्याच्या अस्तित्वावरही इतक्या तळमळीने वाद झालेला आम्हाला आठवत नाही. त्या दिवशी ठरवलं, यावर एकदा बोलायचं.

ज्यांना हा प्रकार अगदीच नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. इलेक्ट्रिक गिटारला स्वतःचा आवाज जवळजवळ नसतो. तारेखालचं लोहचुंबक आणि वेटोळं तारेचं कंपन विजेत बदलतं, ती वीज अ‍ॅम्प्लिफायरमध्ये जाते, तिथे ती वाढते आणि स्पीकरमधून बाहेर पडते. तेव्हा अ‍ॅम्प हा वाद्याचा निम्मा भाग समजा. आपल्या सतारीचा भोपळा कुणी काढून दुसऱ्या खोलीत ठेवला, असं काहीसं. जुन्या अ‍ॅम्पमध्ये काचेच्या व्हॉल्व्ह असतात. आमच्या वयाच्या मंडळींना वाड्यातला व्हॉल्व्हचा रेडिओ आठवत असेल. बटण फिरवलं की आधी आतला दिवा लागायचा, मग मिनिटभराने कुठूनतरी आवाज उगवायचा. तीच ती व्हॉल्व्ह. गिटारवाले तिला ‘ट्यूब’ म्हणतात.

मॉडेलर म्हणजे काय, तर हे सगळं गणिताने करणारा संगणक. रोलंड कंपनीचं व्हीजी-८ हे यंत्र १९९५ साली आलं, लाइन सिक्सचं लाल घेवड्याच्या आकाराचं ‘पॉड’ १९९८ साली. मग २००६ मध्ये फ्रॅक्टलचं अ‍ॅक्स-एफएक्स, २०११ मध्ये जर्मनीतलं केम्पर, २०१५ मध्ये हेलिक्स. आता तर ‘न्यूरल अ‍ॅम्प मॉडेलर’ नावाची प्रणाली फुकट उतरवून घेता येते. खऱ्या अ‍ॅम्पमध्ये एक ठरावीक ध्वनी सोडायचा, बाहेर काय येतं ते मुद्रित करायचं आणि त्यावरून यंत्राला शिकवायचं, अशी तिची रीत.

इथे एक फरक सांगून ठेवतो, कारण वाद घालणारे बहुतेक जण तो विसरतात. काही मॉडेलर अ‍ॅम्पचं व्याकरण लिहितात. हा रोधक इतका, हा धारित्र इतका, व्हॉल्व्हवर इतका दाब आला की ती अशी वागेल, म्हणून मग बाहेर हे येईल. दुसऱ्या प्रकारचे मॉडेलर अ‍ॅम्पचा फोटो काढतात. अमुक दिवशी, अमुक बटणं अशी असताना हा अ‍ॅम्प असा वाजत होता, बस. व्याकरण येणाऱ्याला नवं वाक्य करता येतं. फोटोतल्या माणसाला मान वळव म्हणता येत नाही. फोटोत बटण फिरवलं तर जे होतं तो त्या यंत्राचा अंदाज असतो. अड्ड्यावर एक जण म्हणत होता, ‘मॉडेलर बटणाला नीट ऐकत नाही’, दुसरा म्हणत होता, ‘अगदी ऐकतो’. दोघांकडे वेगळ्या जातीची यंत्रं होती. नामसाम्यामुळे होणारे वाद आपल्या शास्त्रांना नवे नाहीत.

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. ट्यूबवाल्यांचं म्हणणं काय? तर ट्यूबचा आवाज ‘उबदार’ असतो, ‘जिवंत’ असतो, आणि मॉडेलर ‘थंड’, ‘निर्जीव’, वरच्या पट्टीत ‘करकरतो’. हे शब्द ऐकले की आम्हाला नैयायिकांचं चंदन आठवतं. दुरून चंदनाचं खोड दिसतं आणि आपण म्हणतो, ‘सुगंधी चंदन’. नाकापर्यंत तर काहीच आलेलं नाही! मग सुगंधाचं ज्ञान झालं कुठून? नैयायिक म्हणतात, पूर्वी घेतलेला वास स्मरणातून येऊन डोळ्यांच्या प्रत्यक्षालाच चिकटला. याला ते ज्ञानलक्षण प्रत्यासत्ती म्हणतात. गंमत अशी की ते याला भ्रम म्हणत नाहीत. ते प्रत्यक्षच मानतात, अलौकिक का होईना. ट्यूब खरोखर गरम असते. ती नारिंगी उजळते, हात लावला तर भाजते, खोलीत तापलेल्या धुळीचा वास येतो. त्या उजेडाकडे बघत वाजवणाऱ्याला आवाज ‘उबदार’ लागतो, यात खोटेपणा नाही. त्याला तो तसा ऐकूच येतो. प्रश्न इतकाच की ती ऊब कानाने आणली की डोळ्याने.

हे तपासायचं तर डोळा बाजूला काढावा लागतो. व्हायोलिनच्या बाबतीत हे झालेलं आहे. २०१० साली अमेरिकेत इंडियानापोलिसच्या एका हॉटेलच्या खोलीत क्लॉडिया फ्रिट्झ, जोसेफ कर्टिन आणि सहकाऱ्यांनी एकवीस व्हायोलिनवादकांना गडद चष्मे लावून सहा वाद्यं वाजवायला दिली. तीन नवी, तीन जुनी. जुन्यांत दोन स्ट्रॅडिव्हेरियस. बहुतेकांनी नवं वाद्य पसंत केलं, आणि सगळ्यांत कमी आवडलेलं वाद्य एक स्ट्रॅडिव्हेरियस निघालं. निष्कर्ष २०१२ मध्ये छापून आले आणि वाद्यविश्वात मोठी खळबळ झाली.

आम्ही भाच्याला म्हटलं, घरी करून बघू. तो म्हणाला, ‘मामा, पाठ करून बसा.’ त्याने तयारी नीट केली होती, हे सांगायला हवं. खऱ्या अ‍ॅम्पचा आवाज स्पीकरला न देता लोड बॉक्स नावाच्या डब्यात जिरवला, आणि तो व मॉडेलर दोन्ही एकाच जोडी स्पीकरांतून ऐकवले. आवाजाची पातळीही मोजून सारखी केली, कारण जरा मोठं वाजणारं जरा चांगलं वाटतं, हा मनुष्यस्वभाव आहे. सहा वेळा तीच ओळ वाजली. आम्ही मोठ्या आत्मविश्वासाने उत्तरं दिली आणि सहापैकी दोन बरोबर आली. आमचं सोडा, आम्ही पडलो अडाणी. पण वीस-वीस वर्षं वाजवणारेही तीन-चारच्या पुढे गेले नाहीत.

मग त्यांच्यातला एक गृहस्थ, अत्यंत कडवा ट्यूबवाला, म्हणाला, ‘ऐकून काय कळणार? गिटार माझ्या हातात द्या.’ डोळे बांधले, गिटार दिली. सहापैकी सहा! नुसत्या अंदाजाने असं होण्याची शक्यता चौसष्टात एक. खोलीत जल्लोष झाला. हाताला कळतं, कानाला नाही! आम्हीही मनात एक सुंदर निबंध रचायला घेतला. देह, ज्ञान, मर्लो-पाँटी वगैरे. पण चहाच्या वेळी गृहस्थ प्रामाणिक निघाले. म्हणाले, ‘सर, खरं सांगू? वाजवणं थांबवलं की ट्यूबचा बारीक ‘हं’ ऐकू येत होता. मॉडेलर अगदी मुका होतो.’ भाच्याने मग दोन्हीकडे गेट लावून तो घुमारा कापला आणि परत घेतलं. सहापैकी चार. नाणं उडवलं तरी तीनेक वेळांतून एकदा इतकं जमतं.

डेव्हिड ह्यूमने १७५७ साली रसिकतेच्या निकषावर निबंध लिहिला, त्यात डॉन किहोतेतली एक गोष्ट आहे. सांचो पान्झाच्या घराण्यातल्या दोघांना एका पिंपातली दारू चाखायला दिली. एक म्हणाला, उत्तम आहे, पण जराशी चामड्याची चव लागते. दुसरा म्हणाला, उत्तम, पण मला लोखंडाची लागते. लोक हसले. पिंप रिकामं झालं तेव्हा तळाशी एक जुनी किल्ली निघाली, चामड्याची वादी बांधलेली. ह्यूमला ही गोष्ट सूक्ष्म रुचीचा पुरावा वाटते, आणि आहेच. पण आम्ही चाळीस वर्षं ती शिकवली आणि एक गोष्ट त्या रविवारपर्यंत आमच्याही ध्यानात आली नव्हती. त्या दोघांनी ओळखलं ते किल्ली. दारूच्या बरेवाईटपणाचा त्या किल्लीशी काही संबंध नाही! आमच्या ट्यूबवाल्या मित्राचा कान तीक्ष्ण होता, नि:संशय. पण त्याने पकडला तो घुमारा, म्हणजे पिंपातली किल्ली. आणि गेली कित्येक वर्षं तो त्यालाच ‘प्राण’ म्हणत होता.

इथपर्यंत आल्यावर मॉडेलरवाल्यांना जिंकल्यासारखं वाटतं. तसं वाटू नये, म्हणून आता दुसरी बाजू बघू. तिथेच खरं गुंतागुंतीचं काम आहे.

तक्रार क्रमांक एक, ‘करकर’. भाच्याच्या मित्राने मॉडेलर घेतला, हेडफोन लावला आणि त्याला वरच्या पट्टीत माशी गुणगुणल्यासारखं ऐकू आलं. ‘माझा अ‍ॅम्प असा कधीच वाजत नाही.’ त्याचं म्हणणं खरं आहे. पण का ते बघा. गिटारच्या स्पीकरमधून तीव्र कंपनं टॉर्चच्या झोतासारखी सरळ समोर जातात, बाजूला आणि वर फार कमी जातात. आता अ‍ॅम्प असतो जमिनीवर. वादक उभा असतो दोन-तीन हात पुढे. तो झोत जातो त्याच्या पोटऱ्यांवर! कानांपर्यंत येतो तो भिंतींवरून फिरून, मवाळ झालेला आवाज. मुद्रणाच्या वेळी मात्र स्पीकरच्या तोंडाशी मायक्रोफोन टेकवतात, बहुधा शुअरचा एसएम-५७, आणि तो मायक्रोफोन झोतातच उभा असतो. मॉडेलर नक्कल करतो ती या मायक्रोफोनने ऐकलेल्या अ‍ॅम्पची. म्हणजे त्या मित्राने आयुष्यात पहिल्यांदा आपला अ‍ॅम्प श्रोत्यांच्या जागेवरून ऐकला, आणि त्याला तो परका वाटला.

यातला विनोद लक्षात घ्या. ज्या ध्वनिमुद्रिका ऐकून या पोरांना गिटार शिकावीशी वाटली, त्यांतली प्रत्येक मायक्रोफोनमधूनच आलेली होती. खोलीतला अ‍ॅम्प त्यांच्यापैकी फार थोड्यांनी ऐकला असेल. तरी ‘मूळ’ म्हणून मनात बसला आहे तो खोलीतला. आपण ज्याला मूळ म्हणतो तो पुष्कळदा आपल्याला शेवटी भेटलेला असतो.

तक्रार क्रमांक दोन, ‘फील’. हा शब्द आला की मॉडेलरवाले डोळे फिरवतात. काही जण तर हिशोब मांडतात : डिजिटल यंत्राला आवाज काढायला दोन-तीन सहस्रांश सेकंद लागतात, तेवढ्यात ध्वनी हवेतून मीटरभर जातो, अ‍ॅम्पपासून तीन मीटर दूर उभं राहिलात तर नऊ सहस्रांशांचा उशीर तुम्ही निमूट सोसताच की! हिशोब बरोबर आहे. पण ‘फील’ म्हणणाऱ्याला उशिराविषयी बोलायचंच नसतं.

ट्यूब अ‍ॅम्प जोरात वाजवला की काय होतं? आघात मोठा आला की वीजपुरवठ्याचा दाब क्षणभर खाली बसतो आणि परत वर येतो. त्यामुळे सूर आधी थोडा दबतो, मग फुलतो. वादक गिटारवरचं बटण जरा कमी करतो, लगेच आवाज स्वच्छ होतो. परत वाढवतो, भरडा होतो. पहिल्या पिढीच्या मॉडेलरना हे नीट जमत नव्हतं. आजच्यांना पुष्कळ जमतं, त्या दबण्यालाही वेगळं बटण दिलेलं असतं. तेव्हा या मुद्द्यावर दहा-पंधरा वर्षांपूर्वीचं मत आज तसंच बाळगणारे लोक जुन्या पंचांगावर मुहूर्त काढताहेत. तेही सोडा.

यापेक्षा मोठी एक गोष्ट आहे. खरा अ‍ॅम्प मोठ्याने वाजतो तेव्हा हवा हलते, आणि ती हलणारी हवा परत गिटारच्या तारांवर आदळते. तारा त्याने पुन्हा थरथरतात, ते कंपन पुन्हा अ‍ॅम्पमध्ये जातं. वर्तुळ पूर्ण होतं. हेंड्रिक्सचा तो न विझणारा, वळत जाणारा सूर या वर्तुळातून आला. वादक दोन पावलं डावीकडे सरकला तर सूर बदलतो. खोली, लाकूड, तार, स्पीकर आणि माणूस हे सगळं मिळून तेव्हा एक वाद्य असतं.

आता आमच्या रविवारच्या प्रयोगाकडे परत बघा. भाच्याने अतिशय शास्त्रशुद्धपणे अ‍ॅम्पचा आवाज डब्यात जिरवला. म्हणजे न्याय्य तुलना व्हावी म्हणून ते वर्तुळच आधी तोडून टाकलं, आणि मग विचारलं, काही फरक वाटतो का? नाही वाटला. कसा वाटेल? प्रयोगात चूक नव्हती, पण त्याने उत्तर दिलं ते वेगळ्याच प्रश्नाचं.

तर आमचं म्हणणं असं आहे, आणि ते दोन्ही पक्षांना आवडणार नाही. या भांडणाचं नाव ‘ट्यूब विरुद्ध डिजिटल’ असलं, तरी भांडण खरं आहे मोठ्या आवाजाचं आणि लहान आवाजाचं. मॉडेलर दणदणीत स्पीकरला जोडा, खोली हलवा, तारा त्यालाही तशाच थरथरतील. फेंडर कंपनीने २०१९ मध्ये ‘टोन मास्टर’ मालिका काढली. पेटी जुन्या ट्विन रिव्हर्बसारखी, स्पीकर तसाच, आत मात्र व्हॉल्व्ह नाहीत, संगणक आहे. जुना ट्विन एकोणतीस किलोच्या आसपास, हा पंधरा. तो उचलून जिना चढलेल्या कुणालाही विचारा, चौदा किलोंचं तत्त्वज्ञान काय असतं ते. आणि उलट, शंभर वॅटचा ट्यूब अ‍ॅम्प फ्लॅटमध्ये कुजबुजत वाजवा. तो मलूलच लागतो.

पण मोठ्याने वाजवायचं कुठे? भाच्याच्या सोसायटीच्या नोटीस बोर्डावर त्याच्याविषयी दोनदा, नाव न घेता, सूचना लागून गेली आहे. हे फक्त आपल्याकडचं नाही. लंडनमध्ये, न्यूयॉर्कमध्ये लहान बँड जिथे वाजवायचे ती ठिकाणं कमी होत गेली. उरली तिथे व्यवस्थापक म्हणतो, स्टेजवर आवाज नको, सगळं कानातल्या यंत्रात घ्या. याचं टोक बघायचं असेल तर डिसेंबर २०१३ मधली मेटालिकाची अंटार्क्टिकातली मैफल आठवा. अर्जेंटिनाच्या कार्लिनी तळावर एका घुमटाकार तंबूत त्यांनी वाजवलं. तिथल्या निसर्गाला त्रास नको म्हणून खुले स्पीकर नव्हते. श्रोत्यांनी हेडफोनवर ऐकलं. जगातला एक अत्यंत गोंगाटी बँड, समोर लोक, आणि हेडफोन काढला तर काय ऐकू येणार? ढोल आणि माणसाचा गळा. आम्ही त्या मैफलीची थट्टा करत नाही, कारण निर्बंध योग्यच होता. पण त्या तंबूत ‘टोन’ होता कुठे, हा प्रश्न आम्हाला सोडत नाही.

गिटारवाले ज्याचा शोक करतात ती गोष्ट खरोखर गेलेली आहे. फक्त ती व्हॉल्व्हबरोबर गेली असं त्यांना वाटतं. गेली आहे ती जागा. चार पोरांनी एका खोलीत दार लावून भिंती हलवायची सोय गेली. त्याचा राग ते एका बिचाऱ्या संगणकावर काढतात, आणि मॉडेलरवाले अंधारातल्या चाचण्यांचे निकाल दाखवून ‘तुमचा शोक खोटा’ म्हणतात. आमच्या मते पहिल्यांचं निदान चुकलं आहे, पण दुसऱ्यांनी दुखणंच नाकारलं आहे. दोन्हींत अधिक दोष कुणाचा असं विचाराल तर आम्ही दुसऱ्यांकडे बोट दाखवू.

कुणीतरी तानपुऱ्याचं विचारणार, हे माहीत आहे, म्हणून आम्हीच काढतो. इलेक्ट्रॉनिक तानपुरा आला, आता तो फोनमध्ये आहे. त्यावरही हाच वाद झाला. साम्य आहे, आणि वरवरचं नाही. मिरजेचे कारागीर घोडीवर जवारी काढतात, सुताचा दोरा सरकवून नेमकी जागा धरतात. त्यातून मूळ सुराबरोबर स्वरांशांचा जो झगमगाट उठतो, तो तारेने घोडीला घासत राहिल्यामुळे. सी. व्ही. रामन यांनी १९२१ साली यावर लिहिलं आहे. कोऱ्या सुराला मुद्दाम थोडं बिघडवून श्रीमंत करायचं, हे जवारीतही आहे आणि तापलेल्या ट्यूबमध्येही. पण साम्य इथे संपतं. गायक तानपुऱ्यावर स्वार होतो. तानपुरा गायकाला उत्तर देत नाही, देऊही नये. अ‍ॅम्पकडून मात्र उत्तराचीच अपेक्षा असते. त्यामुळे ‘आमच्या गवयांनी स्वीकारलं, तुम्हीही स्वीकारा’ हा युक्तिवाद लागू पडत नाही. शिवाय आमच्या गवयांनी स्वीकारलं म्हणजे काय, तर प्रवासात आणि रियाजाला स्वीकारलं. मोठ्या मैफलीत मागे अजून दोन खरे तानपुरेच दिसतात. तिथेही चंदन दिसावंच लागतं.

आता गुडमनचा मुद्दा, मागच्या वेळी राहिलेला. १९६८ च्या आपल्या ग्रंथात तो विचारतो, अस्सल चित्र आणि हुबेहूब नक्कल यांत आज मला फरक दिसत नसेल, तर सौंदर्यदृष्ट्या काही फरक उरतो का? त्याचं उत्तर, उरतो. कारण ‘ही दोन वेगळी आहेत’ हे माहीत असणं मला उद्या फरक बघायला शिकवू शकतं. उत्तर मार्मिक आहे, पण अ‍ॅम्पला लावायला गेलो की एक अडचण येते. इथे अस्सल कोणतं?

मार्शल अ‍ॅम्प घ्या. रॉकचा आवाज म्हणजे मार्शल, असं मानणारे लाखो आहेत. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला लंडनच्या हॅनवेल भागातल्या जिम मार्शलच्या दुकानात तो पहिला तयार झाला. आणि तो होता फेंडर बॅसमन या अमेरिकन अ‍ॅम्पची जवळजवळ नक्कल! अमेरिकन माल महाग पडायचा, म्हणून इंग्लंडमध्ये मिळतील ते भाग घालून केलेली. बॅसमन, नावाप्रमाणे, मुळात बेस गिटारसाठी बनवलेला. आणि लिओ फेंडरला हवा होता स्वच्छ आवाज. भरडेपणा हा त्याच्या लेखी दोष होता. म्हणजे ज्याची नक्कल होऊ शकत नाही म्हणून मंडळी हळहळतात तो आवाज कसा जन्मला? दुसऱ्याच वाद्यासाठी केलेल्या यंत्राची काटकसरीची नक्कल, निर्मात्याच्या इच्छेविरुद्ध वापरलेली. अस्सलपणाचा अभिमान बाळगायला ही वंशावळ जरा अवघड आहे.

मागे गेलं तरी तेच. लिंक रे याने १९५८ मधल्या ‘रम्बल’साठी स्पीकरला पेन्सिलने भोकं पाडली, असं सांगतात; त्या तुकड्यात एक शब्दही गायलेला नाही, तरी अमेरिकेत काही नभोवाणी केंद्रांनी तो वाजवायला नकार दिला. किंक्सच्या डेव्ह डेव्हिसने १९६४ मध्ये एका लहानशा अ‍ॅम्पच्या स्पीकरचा कागद ब्लेडने चिरला आणि त्या फाटक्या आवाजावर त्यांचं पहिलं मोठं गाणं उभं राहिलं. एडी व्हॅन हेलन आपल्या अ‍ॅम्पला जाणूनबुजून कमी दाबाची वीज द्यायचा. या क्षेत्रातलं जवळजवळ प्रत्येक सौंदर्य कुणीतरी यंत्राशी गैरवर्तन केल्याने हाती लागलं आहे.

आणि मॉडेलरवर आमचा जो खरा आक्षेप आहे तो इथून निघतो. आवाज हुबेहूब नाही, असं आम्ही म्हणणार नाही. तो हुबेहूब आहे, आणि कशाचा, हे बघा. कुठलाही मॉडेलर उघडा, आत यादी येते : १९५९ चा हा, १९६५ चा तो, सत्तरच्या दशकातला अमका. फाटलेला स्पीकर हवा? तोही मिळेल, छान साफसूफ करून, क्रमांक देऊन. पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या अपघातांचं हे संग्रहालय आहे. भाचा एका संध्याकाळी दोन तास नुसती यादी चाळत होता. गिटार मांडीवर, हात बटणावर. आम्ही विचारलं, वाजवणार कधी? म्हणाला, ‘टोन सापडला की.’ पन्नास वर्षांपूर्वीच्या पोराकडे एकच अ‍ॅम्प असायचा, तोही धड नसलेला. त्याला टोन शोधायला सवड नव्हती, म्हणून त्याला तो सापडला. बरं, मॉडेलरशी गैरवर्तन करता येत नाही का? येतं. त्याची मोजणी कोलमडते, सूर चिरकतो, चुकीच्या जागी भुतासारखे स्वर उमटतात. पण अभियंते हे सगळं पुढच्या आवृत्तीत दुरुस्त करून टाकतात, आणि गिटारवाले त्यांचे आभार मानतात! लिओ फेंडरला जमलं असतं तर त्यानेही हेच केलं असतं. त्याच्या अ‍ॅम्पला आपोआप येणारी नवी आवृत्ती नव्हती, एवढंच.

‘टोन बोटांत असतो’ असंही एक वचन ऐकायला मिळतं. टेड न्यूजेंट सांगतो की व्हॅन हेलनच्याच सामग्रीवर तो वाजवायला बसला आणि आवाज आला टेड न्यूजेंटचा. किस्सा गोड आहे. पण त्याने काही सुटत नाही. दोन्ही पक्ष हरायला लागले की याच वचनामागे लपतात, आणि हे म्हणणाऱ्या प्रत्येकाकडे सात-आठ गिटारी असतात.

मागून चिठ्ठी आली आहे : ‘मुलाला काय घेऊन द्यावं?’ ताई, फ्लॅटमध्ये राहत असाल तर मॉडेलर घ्या, स्वस्तातला घ्या, आणि त्यातले चार सोडून बाकीचे आवाज पुसून टाकायला सांगा. भाच्याने आपला ट्यूब अ‍ॅम्प विकलेला नाही. बँडमधल्या ढोलकऱ्याचं गावाबाहेर एक पत्र्याचं गोदाम आहे, तिथे तो नेऊन ठेवला आहे. महिन्यातून एकदा चौघं तिथे जातात. मागच्या खेपेला आम्हीही गेलो होतो. पहिल्या फटक्याला पत्रे थरथरले आणि वरून दोन कबुतरं उडाली. आम्ही कानात कापूस घातला होता, तो तसाच ठेवला, पण बाहेर नाही गेलो.